एका टिपाडात ट्रॅक्टर: प्रेशर वॉशरचा दोन पावसाळ्यांचा अनुभव

ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात ट्रॅक्टर धुण्यासाठी प्रेशर वॉशर, म्हणजे दाबाने पाण्याची धार मारणारे वेगळे यंत्र घ्यावे का, यावर आमच्या घरात बराच वाद झाला. प्यायच्या पाण्याची मारामार असताना हे कौतुक कशाला, असे वडिलांचे म्हणणे होते. शेवटी मोजूनच पाहिले. बोअरच्या पाइपखाली दहा लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरत होती आणि रोटाव्हेटरला (माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराला) चिकटलेली काळी माती निघायला चाळीस मिनिटे लागत होती, म्हणजे आठशे लिटर पाणी जात होते. १,८०० वॅट आणि १३० बार (बार हे दाबाचे माप) असलेले हे यंत्र मिनिटाला सुमारे सात लिटर घेते आणि तेच काम वीस-बावीस मिनिटांत उरकते. दोनशे लिटरच्या टिपाडात तळाला पाणी उरते.

टिपाडातून पाणी घ्यायचे असेल तर टिपाड यंत्रापेक्षा उंचावर ठेवावे आणि नळीतली हवा पूर्ण काढून मगच बटण दाबावे, कारण कोरडा चाललेला पंप फार काळ टिकत नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार आणि बारीक रेती दोन्ही असल्यामुळे पाणी घेण्याच्या तोंडाची जाळी दर वेळी धुवावी लागते. फवारा वाकडा पडू लागला की नोझलमध्ये खडा अडकला आहे असे समजावे आणि तो यंत्र बंद करून टाचणीने काढावा.

दाबाचा अंदाज मला पहिल्याच दिवशी आला. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये हवा असते एक बारच्या आसपास, आणि इथे आकडा १३० चा! एकधारी फवारा वीतभर अंतरावरून धरला आणि मडगार्डवरचा रंग पापुद्र्यासारखा उडाला. तेव्हापासून पंख्यासारखा रुंद फवारा दोन-अडीच फुटांवरून सुरू करायचा आणि माती हलेल इतपतच जवळ जायचे, असा क्रम ठेवला आहे. टायरच्या बाजूला एकधारी फवारा मारूच नये. रेडिएटरवर तो तिरका मारला तर जाळीच्या पत्र्या वाकतात. अल्टरनेटर, स्टार्टर आणि वायरिंगचे जोड यांपासून दूर राहावे आणि तापलेले इंजिन आधी निवू द्यावे.

चपला घालून धुणे ही आपल्याकडची सवय इथे महागात पडेल. ही धार कातडीत शिरते; बाहेरून जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण आत पाणी आणि घाण खोलवर पसरलेली असू शकते. अशा वेळी हळद लावून बसू नये, तर ताबडतोब रुग्णालयात जाऊन ती प्रेशर वॉशरची जखम आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गमबूट आणि चष्मा घालावा, मुलांना लांब ठेवावे आणि गंमत म्हणूनही गन कुणाकडे रोखू नये.

वीज हा दुसरा धोका. पायाखाली पाणी असताना अर्थिंग नसलेल्या बोर्डावर हे यंत्र लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आम्ही १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. ट्रिगर सोडल्यावर मोटर थांबते, पण नळीत दाब तसाच राहतो. म्हणून आधी बटण बंद करावे, मग पाणी बंद करावे, ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडावा आणि नंतरच नळी काढावी.

उणिवा आहेतच. पाच मीटरची नळी अपुरी आणि ताठर आहे, प्लास्टिकचा जोड सहा महिन्यांत तडकला, विक्रेत्याने वॉरंटीवर हात वर केले आणि माहितीपुस्तकात मराठीची एक ओळही नाही. केवळ मोटारसायकल धुवायची असेल त्याने हा खर्च करू नये. ट्रॅक्टर आणि अवजारे असलेल्या घराला मात्र मी हे यंत्र घ्यायला सांगेन. धुतल्यानंतर बेअरिंगांना ग्रीस भरावेच लागते, नाहीतर आत गेलेल्या पाण्याने गंज धरतो. ते काम आता वडिलांनी स्वतःकडे घेतले आहे आणि टिपाडात किती पाणी उरले तेही तेच वाकून बघतात.