‘मांजर-कुत्र्यांना सुरक्षित’ असा स्टिकर लावून विकलेली लिली

बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला रस्त्याकडेला मांडलेल्या एका स्टॉलवर फुलझाडांच्या कुंड्यांना हिरव्या पंजाचा स्टिकर लावलेला होता. कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एकच मजकूर: मांजर-कुत्र्यांना सुरक्षित. स्टिकर असलेली कुंडी साध्या कुंडीपेक्षा महाग. तिथून मी कळ्या आलेलं एक झाड घेतलं आणि त्या झाडानं माझ्या मनीचा जीव जवळजवळ घेतलाच होता. अशी कुंडी आणखी कुणाच्या घरात असेल तर त्यांना वेळेत कळावं म्हणून लिहिते आहे.

घरात मांजर आहे, हे मी विक्रेत्याला आधीच सांगितलं होतं. झाडाचं नावही विचारलं. तो म्हणाला, ‘ऑर्किड लिली’. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, “अक्का, आमच्या घरातलं कुत्रं रोज ह्याची पानं खातंय बघा. काय झालंय त्याला? निवांत घेऊन जावा.”

खरी फसवणूक या वाक्यात आहे. खरी लिली कुत्र्यानं खाल्ली तर बहुतेक वेळा पोट बिघडतं, उलटी होते आणि ते सावरतं. मांजराचं तसं नाही. एशियाटिक, ओरिएंटल, ईस्टर अशा सगळ्या खऱ्या लिली आणि डे लिलीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. पान, पाकळी, देठ, परागकण, फुलदाणीतलं पाणी, सगळंच विषारी. नेमका कोणता घटक हे करतो ते शास्त्रज्ञांना अजून सापडलेलं नाही आणि त्यावर उताराही नाही. तेव्हा कुत्र्याचा दाखला देऊन मांजरवाल्या माणसाला लिली विकणं म्हणजे अर्धं खरं सांगून पुरतं फसवणं.

फूल उमललं तशी मनी त्याला घासून गेली. अंगावर परागकणांची तपकिरी भुकटी लागली, ती तिनं चाटून साफ केली. पान तर तिनं खाल्लंही नव्हतं. संध्याकाळी उलट्या, तोंडातून लाळ, मग कॉटखाली जाऊन बसली ती हलेना. आम्ही खानापूरला राहतो. रात्रीच्या वेळी गाडी काढून बेळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. मोबाइलमधला झाडाचा फोटो बघताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “किती तास झाले?” अठरा तासांच्या आत सलाइन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली, उशीर झाला की मूत्रपिंडं हातातून जातात. त्यांनी आधी अंगावरची भुकटी धुऊन काढली, मग सलाइन लावलं आणि ते दोन-तीन दिवस चालू ठेवलं.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मांजर पाळणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावी. सुरुवातीच्या उलट्या काही तासांनी आपोआप थांबतात. मांजर बरं झालं असं वाटतं, आणि मूत्रपिंडं बिघडतात ती नेमकी त्याच वेळेत. एक ते तीन दिवसांत लघवी बंद होते. म्हणून उलटी थांबली तरी थांबायचं नाही. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही, आणि माणसांची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला कधीच द्यायची नाही, ती स्वतःच जीवघेणी आहे.

मनी वाचली. तिचं रक्त अजून अधूनमधून तपासावं लागतं.

नंतर कुंडीतलं ते झाड उपटताना मातीत दाबलेली प्लॅस्टिकची मोडकी पट्टी सापडली. तिच्यावर छापील ‘एशियाटिक लिली’ होतं आणि मांजराच्या चित्रावर फुली. मूळ पट्टी मोडून मातीत पुरली, वर पंजाचा स्टिकर चिकटवला. याला अजाणतेपणा कसा म्हणायचा? पट्टी घेऊन विक्रेत्याकडे गेले तर तो म्हणाला, माल वरून असाच येतो. पैसे परत देईना. त्याऐवजी स्टिकर लावलेली कलांचोची कुंडी पुढे केली. कलांचोमध्ये हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, कुत्रा आणि मांजर दोघांनाही धोका. शेजारीच त्याच स्टिकरचं अडेनियम होतं. ते कण्हेरीच्या कुळातलं, आफ्रिकेत त्याच्या चिकाचं विष बाणांना लावत. अँथुरियम आणि पीस लिलीलाही तोच स्टिकर. ही दोन जिवावर बेतणारी सहसा नाहीत, पण अळू खाजवतं तशी त्यांची पानं तोंड-घसा सोलवटून काढतात.

खरी लिली ओळखणं अवघड नाही. कांद्यातून एक सरळ दांडा वर येतो, त्याला वरपर्यंत पानं असतात. फुलाला सहा पाकळ्या, आत सहा लांब पुंकेसर आणि हाताला लागली की डाग पडणारी तपकिरी-केशरी भुकटी. पीस लिलीला असा पानांचा दांडा नसतो. पानं मातीतूनच फुटतात आणि फुलाच्या जागी एकच पांढरं पान. ऑर्किडची पानं जाड, बुडाशी, आणि मुळं बहुधा नारळाच्या सोडणात किंवा सालीच्या तुकड्यांत.

मांजर-कुत्र्याच्या घरात फूल हवंच असेल तर मोगरा, गुलाब, जर्बेरा, आफ्रिकन व्हायोलेट, ख्रिसमस कॅक्टस आणि फॅलेनॉप्सिस ऑर्किड ही बिनविषारी आहेत. खत मात्र विचारून घ्या. एरंडीची पेंड कुत्री वासानं उकरून खातात आणि ती त्यांना घातक ठरते.

विक्रेत्यानं बिल द्यायलाही नकार दिला होता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क पडत नाही. पट्टी, स्टिकर, डॉक्टरांचे कागद आणि झाडाचे फोटो मी जपून ठेवले आहेत, तुम्हीही ठेवा.

हिंदवाडी, अनगोळ, शहापूर, वडगाव, कुठेही पंजाच्या स्टिकरची अशी कुंडी कुणी घेतली असेल आणि घरात मांजर असेल, तर कुंडी आजच मांजर नसलेल्या घरी द्या किंवा नष्ट करा. फरशीवर, कपाटावर पडलेली भुकटी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, कुंडीखालच्या बशीतलं पाणी ओतून टाका. मांजराच्या अंगावर तपकिरी डाग दिसला तर त्याला चाटू न देता लगेच धुवा आणि उलटीची वाट न पाहता डॉक्टरांकडे निघा. झाडाचा फोटो सोबत घ्या.