मसाल्याच्या पाकिटावर कुठला बारकोड छापावा: ईएएन, कोड १२८ की क्यूआर?

सुदामानगरातल्या माझ्या मामीचं गोडा मसाला, मेतकूट, भाजणीचं काम आता घरात मावेनासं झालंय आणि परवा तिचा फोन आला, "अरे, पाकिटावर त्या रेघा छापायच्यात तर प्रिंटरवाला तीन-चार नावं सांगतोय, कुठली घेऊ?" मी दुकानांची बिलिंग सिस्टम लावून देतो, त्यामुळे तिला सांगितलं तेच इथे लिहितोय, इंदुरात असं घरून काम करणारे आपले पुष्कळ लोक आहेत.

आधी एक गोष्ट, त्या रेघांत किंमत नसते, फक्त नंबर असतो, किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये असते. म्हणून खरा प्रश्न हा की माल विकणार कुठे.

मॉलमध्ये, दुसऱ्याच्या दुकानात ठेवायचा असेल तर सरळ ईएएन-१३ घ्या. १३ आकडे, शेवटचा चेक डिजिट, तो आधीच्या १२ वरून हिशोबाने निघतो, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर स्कॅनर तो नंबर घेतच नाही. नंबर जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून पैसे भरून घ्यावा लागतो, तिथला ८९० ने सुरू होतो (बरेच जण समजतात ८९० म्हणजे भारतात बनलेलं, तसं नाही, नंबर इथून दिलाय एवढंच). कुणी स्वस्तात सुटे नंबर विकत असेल तर घेऊ नका, तो दुसऱ्याच कंपनीच्या नावावर निघू शकतो.

फक्त स्वतःच्याच काउंटरवर विकताय? मग कोड १२८, नंबर आपला आपण ठरवायचा, अक्षरंही चालतात, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. जुने प्रिंटरवाले कोड ३९ सुचवतात, पण तो जागा फार खातो. साध्या २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरवर पाव मिलीमीटरची बारीक रेघ धरली तर १२ आकडे कोड १२८ मध्ये २५ मिमीत बसतात, कोड ३९ ला तेच ४५ च्या वर जातात, म्हणजे ३८ मिमीच्या लेबलवर मावतच नाहीत.

क्यूआर १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने काढला, त्याच्यात माहिती खूप मावते आणि डाग पडला तरी बऱ्याचदा वाचला जातो, पण पुष्कळ काउंटरवर अजून लेझर स्कॅनर आहेत आणि लेझर क्यूआर वाचूच शकत नाही. तर क्यूआर हवाच तर सोबतीला ठेवा, एकटा नको.

स्कॅनर तुम्हालाच घ्यायचा असेल तर मी लेझर नको म्हणेन. स्वस्त असतो पण फक्त रेघा वाचतो, मोबाइलच्या स्क्रीनवरचा कोड बहुतेक वेळा नाहीच. टू-डी इमेजर फोटो काढून वाचतो, आडवं-उभं कसंही धरा. जीएस१ चं म्हणणंही आहे की २०२७ अखेरपर्यंत दुकानांच्या काउंटरला क्यूआरसारखे कोड वाचता यावेत.

आता रंग, इथे मी स्वतः फसलोय. एका शेववाल्याच्या पाकिटावर पांढऱ्यावर लाल रेघा छापून घेतल्या, दिसायला छान, माझ्या फोनने लगेच वाचल्या, आणि काउंटरवर स्कॅनर गप्प. त्याचा उजेड लाल असतो, लाल रेघ आणि पांढरा कागद त्याला सारखेच दिसतात. सगळी पाकिटं पुन्हा छापली. रेघा काळ्याच ठेवा, नाहीतर गडद निळ्या, आणि दोन्ही बाजूंची कोरी जागा डिझाइनवाल्याला भरू देऊ नका, ईएएन ला डावीकडे बारीक रेघेच्या ११ पट आणि उजवीकडे ७ पट ती लागतेच. आकारही ईएएन च्या ठरलेल्या मूळ मापाच्या ८० टक्क्यांखाली नको, कोरी जागा धरून साधारण ३० मिमी रुंद.

मामीला दोन दुकानांत माल ठेवायचाय म्हणून ती ईएएन घेतेय. छापायच्या आधी चार नमुने काढून सियागंजातल्या ओळखीच्या काउंटरवर वाचून बघायचं ठरलंय, तेलाचा हात लावून सुद्धा.