लाईटबिल मी वाचलं होतं

11,51,200 रुपये. घरात अजून ही पूर्ण बेरीज मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला वाटतंय नऊ-साडेनऊ गेले. आज लिहायलोय ते लाज बाजूला ठेवून, कारण परवा ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, "काका, जुनं घर विकून नवं घ्यायलोय, एजंट चांगला मिळालाय, दोन्हीकडचं तोच बघतोय." माझ्या हातातला चहा हिंदकळला.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या अकाउंट्सला आहे, सत्तावीस वर्षं. बिलावरच्या नावातलं एक अक्षर चुकलं तरी व्हाउचर परत पाठवणारा माणूस म्हणून तिथं माझी ख्याती आहे. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल, मला चिडवायला.

आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, वडिलांनी बांधलेलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आईला खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून जून लागला की घरात एकच प्रश्न, राजाराम बंधारा किती फूट? पंचगंगेचं पाणी तिथं 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, आणि आमच्या आईचा जीव 35 लाच वर. म्हणून ठरवलं, हे विकायचं आणि कळंब्याच्या बाजूला उंचावर, लिफ्टचा फ्लॅट घ्यायचा. यात हाव कुठं होती, सांगा. गुंतवणूक नाही, दुप्पट-तिप्पट नाही. म्हातारीला कोरडं झोपता यावं, एवढंच.

एजंट एका नातेवाइकानं सुचवला. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आईच्या पायाला हात लावला पहिल्याच दिवशी. म्हणाला, "काका, पावसाळ्याआधी विका. एकदा अंगणात पाणी आलं की पार्टी मागं सरकत्या बघा." खोटं काय होतं त्यात? फसवणारा माणूस नव्वद टक्के खरंच बोलतो, हे मला आता कळलंय.

दहा दिवसांत गिऱ्हाईक आणलं. घराचे 46,00,000 ठरले. फेब्रुवारी 2025 मध्ये विसार म्हणून 3,00,000 चा चेक दिला आणि तो वठला. चेक वठला तिथंच मी निम्मा गेलो. पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीपुढं कागद झाला. त्यात एक ओळ होती: नव्वद दिवसांत घर मोकळं करून खरेदीखत करून दिलं नाही तर विसाराची दुप्पट रक्कम परत. मी वाचली ती ओळ. पण नवा फ्लॅट साठ दिवसांत ताब्यात येणार होता, मग भ्यायचं कशाला? आणि तो फ्लॅट कोण देणार होता? तोच एजंट. दोन्ही टोकं एकाच्या हातात. दावं त्याच्याकडं आणि खुंटीपण त्याचीच.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूम, 52,50,000. मालक तीन वर्षं मस्कतला, इथलं सगळं त्याचा कुलमुखत्यार बघणार. किल्ली वॉचमनकडनं घेतली. आणि आता तो क्षण, जो मी रोज रात्री दोन वाजता बघतो.

ग्रिलच्या दारात महावितरणचं बिल खोचलेलं होतं. सवयीनं हात गेला. मी बिल उघडलं, नाव वाचलं. मालकाचं आडनाव जे सांगितलं होतं ते नव्हतं. रक्कमसुद्धा आठवते, 1,340. दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात एजंटानं हसत बिल माझ्या बोटांतनं काढून घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. "ते जुन्या भाडेकरूचं हाय काका. भरत न्हाईत, आम्हालाच भराय लागतंय."

लाईटबिल भाडेकरूच्या नावावर असतं होय? कोल्हापुरात पन्नास वर्षं काढली, शेजारीपाजारी भाडेकरू पाहिले, एकाच्या तरी नावावर मीटर पाहिलं? मीटर सहसा मालकाच्या नावावर असतं, शेंबड्या पोराला माहीत आहे. आणि मी, व्हाउचर परत पाठवणारा मी, "हो का" म्हणून आत जाऊन गॅलरीतनं दिसणारी हिरवळ बघितली. आई इथं ऊन खात बसेल असं मनात आलं. झालं.

त्या रात्री बायकोनं विचारलं, "ते बिल कुणाचं होतं?" मी म्हणालो, तुला व्यवहारातलं काय कळतंय. आता ती काही बोलत नाही. एकदाच म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलो होतो." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

टोकन 51,000 यूपीआयनं. मग साठेखताच्या, म्हणजे खरेदीखताआधीच्या कराराच्या, दिवशी 6,00,000 आरटीजीएसनं, मुखत्याराच्या खात्यावर. मालकाच्या नव्हे, मुखत्याराच्या. यातले तीन लाख म्हणजे मला मिळालेला विसारच, तीन माझी ठेव मोडून. वर 1,50,000 रोख, कारण "सोसायटीची थकबाकी भागवल्याशिवाय सेक्रेटरी एनओसी देत नाही." घराच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याचं कलम 269एसएस, हे मला पाठ आहे. पाठ असून दिले. पावती नाही. एजंटाचे 46,000, घराच्या एक टक्का, आगाऊ. नोटरी, टायपिंग वगैरे 4,200.

मी म्हणालो होतो, साठेखत रजिस्टर करूया. त्यावर त्यानं मोबाईलवर हिशोब मांडला. "सहा टक्के मुद्रांक म्हणजे 3,15,000, वर नोंदणीचे 30,000. आत्ता कशाला अडकवताय? घराचे पैसे आले की डायरेक्ट खरेदीखतच करू." मला वाटलं, माणूस माझे पैसे वाचवतोय! तो मुद्रांक खरेदीखताच्या वेळी वळता होतो, दोनदा भरावा लागत नाही. आणि नोंदणीला गेलो असतो तर निदान मुखत्यारपत्र टेबलावर कुणीतरी उलटंसुलटं करून बघितलं असतं. नोटरीचा लाल शिक्का म्हणजे सही तुमची आहे याची साक्ष. फ्लॅट कुणाचा आहे याच्याशी त्या शिक्क्याला काही देणंघेणं नाही.

घाई कशाची केली तेही सांगतो. "घर विकलं आणि लगेच दुसरं घेतलं नाही तर सगळा टॅक्स बसणार," असं त्यानं डोक्यात भरवलं. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याचं कलम 54 म्हणत होतं, विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतर दोन वर्षांत घर घ्या, बांधणार असाल तर तीन वर्षं. रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत घेतलं नाही तर पैसे कॅपिटल गेन खात्यात ठेवता येतात. दोन वर्षं होती हो माझ्याकडं. मस्त एखादं घर भाड्यानं घेऊन, आईला घेऊन, निवांत शोधलं असतं. आधी विका, पैसे खात्यात येऊ द्या, मग घ्या. मध्ये सहा महिने भाडं गेलं तर जाऊ दे. माझे साडेअकरा लाख म्हणजे किती वर्षांचं भाडं, ते तुम्हीच काढा.

आणखी एक फुशारकी नडली. मला गृहकर्ज नको होतं. वरचे साडेसहा लाख माझ्याकडं होते, "कर्जाशिवाय घर घेतोय" म्हणून पाव्हण्यांत मिरवत होतो. कर्ज काढलं असतं तर बँकेच्या वकिलानं तीस वर्षांचा मालकीचा सर्च काढला असता आणि दोन दिवसांत सोंग उघडं पडलं असतं. तुम्हाला नको असलं तरी बँकेत फाईल टाका, तिथं काय निघतंय ते बघा.

एप्रिलमध्ये मुखत्याराचा फोन बंद. एजंट म्हणतोय, "गावाकडं वारलंय कोणतरी." मग तोही उचलेना. मेमध्ये नव्वद दिवस संपले आणि आमच्या घराचं गिऱ्हाईक दारात. सोबत दोघं. कट्ट्यावर बसून राहिले, तोंडात मावा, काही बोलायचे नाहीत. घर रिकामं करा, नाहीतर सहा लाख. रिकामं करून जाऊ कुठं? गल्ली बघत होती. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या, पीएफमधनं उचल घेतली आणि 6,00,000 भरले. त्यांचे तीन परत, वर माझे तीन. गळाला त्यांनी आमिष लावलं स्वतःचं, मासा ओढल्यावर आमिषही काढून घेतलं.

तेव्हा तरी ते दोन व्यवहार वेगळे आहेत असंच मी समजत होतो. जूनमध्ये वकिलाकडं गेलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पेनानं फक्त ठोका मारला. साक्षीदार क्रमांक 2. दोन्हीकडं एकच नाव, एकच वळणदार सही. माझं घर घेणारा आणि मला फ्लॅट विकणारा एकाच ताटातले. मग मुखत्यारपत्र बघितलं. मालक तीन वर्षं मस्कतला, आणि कागदावर नोटरी कोल्हापूरची, तारीख चार महिन्यांपूर्वीची. विमानानं सही करून गेला काय? परदेशातल्या माणसाचं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतनं साक्षांकित होऊन येतं आणि इथं आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो. मग त्यांनी नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्च उघडला, फुकट असतो तो, आणि इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा उतारा, काढली. त्याच फ्लॅटचं नोंदणीकृत साठेखत पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्याच्याच नावानं झालेलं, बिलावरच्या आडनावाच्या माणसाच्या, शिवाय बँकेच्या गहाणाची नोंद. वीस मिनिटं लागली. आणि मी तिथं सहा लाख एक्कावन्न हजार देऊन बसलो होतो, रोखीचे धरून आठ लाख एक हजार.

आणि त्या दुप्पट विसाराबद्दल वकील काय म्हणाले? "द्यायची गरजच नव्हती. करार कायद्याचं कलम 74 आहे. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, कोर्ट वाजवी तेवढंच देतं. त्यांना लावू द्यायचा होता दावा." मी फी विचारली आणि खाली मान घालून बाहेर आलो. पैसे देण्याआधी वकील गाठा, दिल्यावर नव्हे.

आता आपल्या व्यवस्थेची वारी ऐका. राहत्या हद्दीच्या ठाण्यात गेलो. "फ्लॅट कुठं आहे? मग तिकडं जा." तिकडं गेलो. "पैसे कुठल्या शाखेतनं पाठवले? मग तिकडं." हद्द कुणाचीही असो, गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच आहे. मी छापून नेलं. साहेबांनी कागद उलटा करून त्याच्यावर पेन चालतंय का ते बघितलं. मग सगळ्यांचं ठेवणीतलं वाक्य, "हे दिवाणी स्वरूपाचं आहे." खोटं मुखत्यारपत्र दिवाणी? एकच साक्षीदार दोन्हीकडं, हे दिवाणी? रोख दीड लाखाबद्दल बोललो तर म्हणे, "तुम्हीच अडचणीत याल." दंड घेणाऱ्याला असतो, देणाऱ्याला नाही, पण खुर्चीपलीकडच्या माणसाला हे कोण सांगणार? मी सांगितलं. त्यांनी जेवायची वेळ झाली म्हणून सांगितलं.

बँक म्हणाली, दुसऱ्याच्या खात्याची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, बँकेकडनं माहिती आणा, मग बघू. दुय्यम निबंधक कार्यालयात उत्तर मिळालं, आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, कसली थकबाकी, हा फ्लॅट तर नियमित भरतोय. महारेराचं, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचं, बघितलं, तर जुन्या इमारतीतला रिसेल, तिथं दाद नाही. अकरा हेलपाटे झाले, रजेचे दिवस कापले गेले ते बेरजेत धरलेले नाहीत. शेवटी तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवली. पोच जपून ठेवली आहे. तुमच्यावर वेळ आली तर पहिल्याच आठवड्यात हे करा, मी दोन महिने बाकावर बसून घालवले.

लोक म्हणतात, एवढा शिकलेला, अकाउंट्सचा माणूस, कसा फसला? एक सांगतो, ऑफिसात बिल येतं तेव्हा त्याच्यामागं माझी आई खुर्चीत बसलेली नसते.

परवा एक हवालदार बाहेर येऊन हळूच म्हणाला, "अण्णा, एकट्याचं हलत न्हाई. आणखी दोघं-तिघं आणा, मग साहेब घेतील." म्हणजे गुन्हा शोधायचं कामही आता माझंच. शोधले. एक उचगावचा, एक राजारामपुरीतल्या बाई. बाईंच्या कागदावर साक्षीदार क्रमांक 2 तोच, सही तीच, शेवटच्या अक्षराला तसाच झोकदार फाटा. सोमवारी आम्ही तिघं झेरॉक्स घेऊन जातोय. गेल्या दीड-दोन वर्षांत कुणी नोटरीवर विसार केला असेल आणि मुखत्यार मस्कतच्या मालकाचा असेल, तर आज कपाट उघडून शेवटचं पान बघा, आणि सोमवारी अकराच्या आत आमच्याबरोबर या.