नळ्या जोडून घ्याव्यात की आयव्हीएफ करावे?

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा अपत्य हवे असलेल्या जोडप्याला हे दोन्ही मार्ग ठाऊक असतातच: बंद केलेल्या गर्भनलिका पुन्हा जोडणे, किंवा आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडणे. पत्नीने आधी आयव्हीएफची एक सायकल (उपचाराची एक पूर्ण फेरी) घेतली आणि ती निष्फळ ठरल्यावर आम्ही रिकॅनलायझेशनकडे, म्हणजे नळ्या जोडण्याच्या शस्त्रक्रियेकडे वळलो, तेव्हा माझे मत तटस्थ आहे असे मी म्हणणार नाही.

पत्नीचे वय चाळिशीकडे झुकलेले असेल किंवा पतीच्या वीर्यतपासणीत शुक्राणू फारच कमी आढळले असतील, तर आयव्हीएफच बरे. तेथे नळ्या कितीही सुबक जोडल्या तरी हाती फारसे लागत नाही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने आयव्हीएफसाठी स्त्रीची कमाल वयोमर्यादा ५० वर्षे ठेवली आहे. शरीर मात्र त्याच्या बरेच आधी थकते.

आमचा कौल फिरला तो रजेमुळे. इंजेक्शने सुरू झाल्यावर स्त्रीबीजे किती वाढली आहेत हे सोनोग्राफीत पाहून पुढची तारीख ठरते, त्यामुळे ऐरोलीहून ठाण्याला उद्या जायचे की परवा, हे आजच्या तपासणीनंतरच कळते. पत्नीच्या महापे येथील कंपनीत अर्ज आठवडाभर आधी द्यावा लागे आणि दर वेळी कारणही विचारले जाई. रोजच्या सुयांपेक्षा तिला हे कारण शोधणेच अधिक जड गेले. शिवाय गोठवलेले गर्भ शिल्लक नसल्याने पुढच्या सायकलला सारे पहिल्यापासून करावे लागणार होते. शस्त्रक्रियेची तारीख आधीच ठरली, रजा एकदाच मागितली, आणि पुढे प्रत्येक महिना नवी संधी घेऊन येई, तीही कोणाला काही न सांगता. वर्ष उलटण्यापूर्वी तिला दिवस गेले.

जोडलेल्या नळीतच गर्भ रुजण्याचा धोका मात्र वाढतो, म्हणून पाळी चुकताच रक्ततपासणी आणि लवकर सोनोग्राफी टाळू नये.

निर्णयाआधी जुने डिस्चार्ज कार्ड शोधून सर्जनला दाखवावे. रिंग किंवा क्लिप लावलेली असल्यास नळीचा थोडाच भाग निकामी झालेला असतो. विजेने जाळलेली असल्यास बराच जातो. जोडल्यानंतर नळी साधारण ४ सेंटिमीटर तरी राहावी, अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. नळीच्या टोकाची, स्त्रीबीज टिपून घेणारी झालरच काढून टाकलेली असेल, तर या तुलनेत आयव्हीएफ तेवढे उरते.