‘ऑल्टोची कॅम बसवली’ म्हणून काकांकडून साडेचौदा हजार घेतले, आत जुनीच कॅम!

इंदूरमध्ये जुनी मारुती ८०० जपून चालवणारे अजून बरेच आहेत, त्यातले निम्मे आपल्या लोकमान्य नगर, सुदामा नगरकडचेच असतील, म्हणून हे लिहून ठेवतोय. (कॅम म्हणजे कॅमशाफ्ट, इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा.) गॅरेजचं नाव देत नाही कारण तक्रार चालू आहे.

गाडी काकांची, २००७ ची ८००. काका रिटायर आहेत, गाडी स्वतः चालवतात, महिन्यातून एखाद वेळी महूला आत्याकडे जाणं आणि बाकी भाजी, बँक. टॅपेटचा, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या जोडणीचा, टकटक आवाज येऊन राहिला होता आणि पिकअप जरा बसलं होतं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून कान लावला आणि लगेच सांगितलं, “अंकलजी, कैम गई. और ८०० की कैम अब आती नहीं, कंपनी ने गाड़ी ही बंद कर दी. ऑल्टो की डाल देता हूँ, एक ही इंजन है, दोनों ७९६ सीसी. लेथ पे थोड़ा मशीनिंग होगा, पिकअप भी बढ़ जाएगा.”

आता यातली गंमत बघा, अर्ध्या गोष्टी खऱ्या आहेत. ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, खरं. दोन्ही इंजिनं ७९६ सीसी, तेही खरं, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी, तीन सिलेंडर. कोणीही नेटवर बघितलं तरी हेच दिसेल आणि माणूस मान डोलावेल. पण सीसी ठरते खालच्या ब्लॉकमध्ये, आणि कॅम बसते वरच्या हेडमध्ये, आणि हेडच वेगळं आहे ना! काकांच्या ८०० मध्ये एफ८बी नावाचं इंजिन, म्हणजे दर सिलेंडरला दोन व्हॉल्व्ह, एकूण सहा. ऑल्टोचं एफ८डी, दर सिलेंडरला चार, एकूण बारा. सहा व्हॉल्व्हच्या हेडमध्ये बारा व्हॉल्व्हची कॅम कोणत्या लेथवर बसवणार? जर्नल (कॅम ज्यांवर टेकून फिरते ते गोल भाग) घासून बारीक करता येईल, पण लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे, त्यांच्या जागेवरून सरकवणार कसे?

काकांना हे माहीत असायचं काही कारण नाही, ते बँकेत होते. त्यांनी हो म्हटलं. गाडी दोन-तीन दिवस तिथे उभी राहिली आणि बिल आलं साडेचौदा हजार. कॅमशाफ्ट, लेथचं मशीनिंग, हेड गास्केट, टायमिंग बेल्ट, मजुरी, सगळं एका साध्या चिठ्ठीवर, ना जीएसटी नंबर ना सही. वर वर्तमानपत्रात गुंडाळून एक तेलकट कॅम हातात दिली, “ये आपकी पुरानी, देख लो कितनी घिसी है”. काकांना तर हा प्रामाणिकपणाच वाटला, मला फोनवर कौतुकाने सांगून राहिले होते की बघ, जुना पार्टसुद्धा परत दिला.

आवाज खरंच बंद झाला होता. पण थोड्याच दिवसांत गाडी गरम झाली की सेल्फ मारत बसावं लागायचं, सिग्नलवर इंजिन थरथरायचं, आणि पिकअप पहिल्यापेक्षा खाली. परत गेले तर उत्तर तयार, “नई कैम है अंकलजी, सेट होने में टाइम लगेगा.” कॅम सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात म्हणे, काहीही!

मी रविवारी गेलो तेव्हा पहिल्यांदा ती जुनी कॅम बघितली. घासलेली होती, ते खरं. पण सहज लोब मोजले तर आठ. परत मोजले, आठच. तीन सिलेंडर, सहा व्हॉल्व्ह, तर व्हॉल्व्हचे लोब सहाच पाहिजेत, हे आठ आले कुठून? ही कुठल्यातरी चार सिलेंडर आठ व्हॉल्व्हच्या गाडीची. टेप धरला तर ती ८०० च्या हेडपेक्षा लांब निघाली, म्हणजे ती या गाडीतून निघालेली असूच शकत नाही. लोबचा कोनही बघा हवं तर, तीन सिलेंडरमध्ये एकापाठोपाठ पेटणाऱ्या सिलेंडरचे लोब कॅमवर १२० अंशांनी येतात आणि चार सिलेंडरमध्ये ९० अंशांनी, हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं.

मग माझा एक ओळखीचा मशीनिस्ट आहे, पोलोग्राउंडमध्ये बरीच वर्षं ग्राइंडरवर काम केलेला, त्याला घेऊन आलो आणि टॅपेट कव्हर उघडलं. आत जुनीच कॅम, एका लोबचं टोक खरवडलेलं, तोच लोब जो आधी वाजत होता. हेड आणि ब्लॉकच्या जोडावर वर्षानुवर्षांचा तेलकट थर जसाच्या तसा, म्हणजे हेड उघडलंच नव्हतं, मग गास्केट कुठलं बदललं? टायमिंग बेल्टला बारीक भेगा. मशीनिस्ट हसायलाच लागला, म्हणाला, “लेथवर कॅम कोण करतो रे, जर्नल कडक असतात, ते ग्राइंडरवर होतं.”

आणि आवाज का गेला, तेही तिथेच कळलं. फीलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) सगळ्यात पातळ पातं रॉकरखाली, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीखाली, जाईना. गॅरेजवाल्याने फक्त टॅपेट आवळून टाकले होते. गॅप शून्य केला की टकटक बंद होते, गिऱ्हाईक खूश, पण इंजिन तापून व्हॉल्व्हची दांडी लांबली की व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, कॉम्प्रेशन गळतं, गरम इंजिन चालू होत नाही, आणि तसंच चालवत राहिलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो कारण सीटवर टेकूनच तो आपली उष्णता हेडला देतो. म्हणजे पैसे तर घेतलेच, वर चालतं इंजिन मारायला निघाला होता. याचा मला पैशापेक्षा जास्त राग आला.

आता कॅम बदलीबद्दल, म्हणजे दुसऱ्या गाडीची कॅम घालण्याबद्दल, कारण बदली हा प्रकारच खोटा आहे असं नाही. एकाच घराण्यातल्या इंजिनांच्या कॅम कधीकधी चालतात, पण सीसी किंवा गाडीचं नाव बघून कधीच नाही. एस्टीम बघा, आठ व्हॉल्व्हची पण आली आणि सोळाची पण, दोन्ही १२९८ सीसी, हेड वेगळं. ८०० मध्येच २००० च्या आसपास बारा व्हॉल्व्हचं इंजिन आलं होतं. म्हणून आधी आरसीवरचा इंजिन नंबर वाचा, सुरुवातीलाच एफ८बी की एफ८डी ते कळतं. आणि “पार्ट येत नाही” ऐकून घाबरू नका, ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती आणि तिचं इंजिनही एफ८बीच. तरी ओम्नीची पण डोळे मिटून घालू नका, कार्ब्युरेटरवाल्यात कॅमच्या टोकावरून डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) फिरतो आणि एमपीएफआयमध्ये, म्हणजे इंजेक्शनवाल्यात, सेन्सरचा प्रकार येतो, ते टोक जुळलं नाही तर बाकी सगळं जुळून उपयोग नाही.

जुनी आणि नवी, दोन्ही कॅम शेजारी ठेवा आणि पार्ट नंबर ताडा. जर्नल किती आणि जाडी किती ते मायक्रोमीटरने, लोबची अंतरं व्हर्नियरने, पुलीकडची खाच किंवा पिन डोळ्याने. लोबची नुसती उंची सांगून फसवतात, उंचीतून बेस सर्कलचा (लोबच्या बिनउंचवट्याच्या गोल भागाचा) व्यास वजा केला की खरी लिफ्ट, म्हणजे लोब किती उचलतो ते. घासलेली कॅम परत ग्राइंड करून “रेसिंग कॅम” म्हणून विकतात, तिचं बेस सर्कल बारीक झालेलं असतं आणि वरचा कडक थर किती उरला ते देव जाणे. लिफ्ट जास्त असेल तर पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून व्हॉल्व्ह किती जवळ येतो ते बघायचं, आणि सेल्फ मारायच्या आधी पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा, कॅमचा तेवढ्यात एक फेरा होतो. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. आणि काम देण्याआधी स्वतःच्या कॅमच्या टोकावर रंगाचा ठिपका देऊन मोबाइलवर फोटो काढा, मेकॅनिकसमोरच काढा.

गॅरेजवाल्याकडे आठ लोबवाली कॅम घेऊन गेलो तर आधी म्हणे लड़के ने बदल दी होगी, मग म्हणे अंकलजी को समझने में गलती हुई. मी म्हटलं ठीक आहे, आत्ता इथेच कव्हर उघडून ऑल्टोची कॅम दाखव. तेव्हा सूर बदलला आणि आठ हजार परत दिले. उरलेल्या साडेसहा हजारांसाठी काकांनी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली आहे, आणि तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या केसला तिथे फी लागत नाही. चिठ्ठीवर सही नाही पण पैसे यूपीआयने गेलेत, त्याचा स्क्रीनशॉट आहे, आणि “ऑल्टो की कैम डाल दी” असा त्याचाच व्हॉट्सअॅप मेसेज आहे. टॅपेटचा गॅप नीट लावून घेतलाय, आता गाडी गरम असतानाही एका सेल्फमध्ये लागते, एफ८बीची कॅम पार्ट नंबर देऊन मागवली आहे.