दारू आणि धास्ती, दोन्हींचा उपचार एकाच फाइलमध्ये

दारू आणि धास्ती या दोन्हींवर उपचार करणाऱ्या पुण्यातील या केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात मी गेले चौदा महिने उपचार घेत आहे. व्यसनमुक्ती म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भरती होऊन राहण्याचे केंद्रच येते. 1986 साली अनिता आणि अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रामुळे ते चित्र पुणेकरांच्या मनात आदराने रुजलेलेही आहे. मात्र नोकरी सांभाळून, घरी राहून, संध्याकाळी येऊन उपचार घेता येतात का, आणि दारूच्या जोडीला मनात कायमची भीती असेल तर तिचे काय करायचे, असे विचारणाऱ्यांसाठी हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

माझे वय 44, काम हिशेबाचे. अकरा वर्षांपूर्वी मुंबईच्या गाडीत, खंडाळ्याच्या घाटातील एका बोगद्यात, एकाएकी छाती धडधडू लागली, हातापायांतले बळ गेले आणि आता आपण मरणार अशी खात्रीच वाटली. हृदयाच्या तपासण्या स्वच्छ आल्या, पण भीती राहिली ती राहिलीच. पुढच्या प्रवासाआधी एक पेग घेतला, तेव्हा ती दबली. हळूहळू प्रवास नसतानाही रोज रात्रीची क्वार्टर ठरून गेली, आणि पहाटे चार वाजता घाम फुटून जाग येऊ लागली, तशी शेजारच्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी अल्प्राझोलाम ही भीती दाबणारी गोळी त्यात भर म्हणून आली. यापूर्वी एका डॉक्टरांनी दारूचा प्रश्नसुद्धा न विचारता झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, तर एका समुपदेशकाने ‘दारू सोडा, भीती आपोआप जाईल’ असे सांगून मला परत पाठवले होते. दोघांनीही अर्धाच माणूस पाहिला.

येथे पहिल्या दिवशी घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे टेबलावर मांडायला लावली. दारूविषयी दहा प्रश्नांची आणि चिंतेविषयी सात प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. चिंतेच्या प्रश्नावलीत 21 पैकी माझे गुण 18 आले. मला वाटले, आता लगेच आजाराचे नाव सांगतील. डॉक्टर म्हणाले, “आज काही ठरवायचं नाही. आधी शरीर शांत होऊ दे, मग तुमची खरी भीती किती आहे ते मोजू.” या एका वाक्यासाठी मी या केंद्राचा ऋणी आहे. त्यांनी समजावले ते असे: दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदू आपला जोर वाढवत नेतो, आणि पहाटे दारूचा अंमल उतरला की तोच वाढलेला जोर घाम, धडधड आणि धास्तीच्या रूपाने अंगावर येतो. माझ्या भीतीतला किती भाग दारूने निर्माण केलेला आणि किती मुळातला, हे दारू थांबवून साधारण चार आठवडे गेल्याशिवाय कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

दारू अचानक तोडणे धोक्याचे असते, हेही मला इथेच नीट कळले. रोज पिणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. त्यात अल्प्राझोलामही एकदम बंद केली तर धोका आणखी वाढतो. ज्यांना पूर्वी अशी फिट आली आहे किंवा ज्यांच्या घरी लक्ष ठेवायला कोणी नाही, त्यांना हे केंद्र बाह्यरुग्ण म्हणून घेतच नाही, भरती होण्यासाठी दुसरीकडे पाठवते. हा नकार मला जबाबदारीचा वाटतो. माझ्या बाबतीत यकृताच्या तपासण्या करून, पत्नीला समोर बसवून, आठ दिवसांचे वेळापत्रक ठरले: दारू सुटतानाचा त्रास आवरणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइडची रोज घटत जाणारी मात्रा, थायामिन हे जीवनसत्त्व, आणि दररोज संध्याकाळी हजेरी. सिस्टर रक्तदाब आणि नाडी पाहत, “सर, दोन्ही हात पुढे करा, बोटं ताणा,” असे म्हणत आणि मग नोंदवहीत सही करायला लावत. पहिल्या दिवशीची माझी सही रेषेखाली घसरलेली आणि तुटक आहे. आठव्या दिवशी धनादेशावर चालेल अशी झाली. दोन्ही पाने त्यांनी मला शेजारी शेजारी धरून दाखवली तेव्हा मला रडू आले, आणि त्यांनी घाई न करता मला रडू दिले.

चार आठवड्यांनी तीच सात प्रश्नांची प्रश्नावली पुन्हा दिली. गुण 13. म्हणजे दारूने घातलेली भर उतरली होती, पण खाली मूळ भीती शिल्लक होती आणि तिला स्वतंत्र उपचार हवा होता. त्यासाठी एस्सिटालोप्राम या चिंतेवरील औषधाची सुरुवात कमी मात्रेने झाली. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढेल आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, हे आधीच सांगितल्यामुळे मी गोळी मध्येच टाकून दिली नाही. दारूची ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन दिले. अल्प्राझोलामच्या जागी जास्त वेळ अंमल राहणारे क्लोनाझेपाम आणून ते पाच महिन्यांत थोडे थोडे उतरवले. दारू सोडणाऱ्यांच्या एका स्वमदत गटात एका ज्येष्ठ सदस्याने मला ‘या गोळ्याही व्यसनच, सगळ्या फेकून दे’ असा सल्ला दिला होता. तो प्रेमाने दिलेला असला तरी घातक होता. कोणत्या गोळीची सवय लागते आणि कोणतीची लागत नाही, कोणती हळूहळूच बंद करायची, हे इथल्या डॉक्टरांनी फाइलच्या मुखपृष्ठावर मराठीत लिहून दिले.

या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग मात्र मानसशास्त्रज्ञ मॅडमबरोबरची पन्नास मिनिटांची सत्रे आहेत. त्यांनी माझ्याकडून भीतीची शिडी, म्हणजे सोप्यापासून अवघडापर्यंतच्या पायऱ्या, लिहून घेतली. पहिली पायरी, शिवाजीनगर स्थानकाच्या फलाटावर अर्धा तास नुसते उभे राहायचे. मग लोकलने खडकी, मग चिंचवड, मग लोणावळा. दर पायरीवर भीतीला शंभरपैकी किती गुण, हे जाताना आणि येताना वहीत लिहायचे, आणि ती आपोआप उतरेपर्यंत गाडीतून उतरायचे नाही. माझ्या शर्टाच्या खिशात गोळ्यांचे एक पाकीट कायम असे. मी ते उघडत नसे, पण त्याशिवाय घराबाहेरही पडत नसे. मॅडमनी ते बरोबर हेरले. “पाकीट असतं म्हणून तुम्ही वाचता, असं तुमच्या मनाला वाटतं, मग धीराचं श्रेय पाकिटाला जातं,” असे त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी रिकामे पाकीट, त्याच्या पुढच्या वेळी खिसाच रिकामा. सातव्या महिन्यात मी घाट उतरून कर्जतपर्यंत गेलो. बोगद्यात शिरताना वहीत 80 लिहिले, शेवटच्या बोगद्याबाहेर 35. कर्जतच्या फलाटावर वडापाव खाल्ला आणि पत्नीला फोन केला. दोघांनाही नीट बोलता येईना.

मधल्या काळात, पाचव्या महिन्यात, एका लग्नात माझी स्लिप झाली, म्हणजे मी पुन्हा प्यायलो. दुसऱ्या दिवशी तोंड लपवावेसे वाटत होते, तरी गेलो. कोणी रागावले नाही. आदल्या तीन दिवसांत काय काय घडले ते तासवार लिहून घेतले, आणि पिण्याच्या दोन तास आधी नातेवाइकांच्या गर्दीत छाती धडधडू लागली होती हे त्यात स्पष्ट दिसले. त्यानंतर शिडीत लग्नसमारंभाच्याही पायऱ्या आल्या. एकाच फाइलमध्ये दोन्ही आजार असण्याचा अर्थ मला त्या दिवशी समजला.

पत्नीबद्दलही लिहायला हवे. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही भिंतीवरची जाहिरात पाहून तिने एक पूड आणून ठेवली होती आणि ते तिने इथे पहिल्यांदाच, खाली मान घालून सांगितले. डॉक्टरांनी तिला दोष न देता, पण ठामपणे समजावले, की अशा पुडीत काय असेल ते सांगता येत नाही, आणि दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे डायसल्फिराम हे औषध असेल तर त्यावर दारू पोटात गेल्यास रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो, म्हणून ते औषध रुग्णाच्या संमतीशिवाय कधीही द्यायचे नसते.

उणिवाही आहेत. श्वासातील दारू तपासण्याचे यंत्र सुरुवातीला प्रतीक्षाकक्षात, सर्वांच्या देखत तोंडाला लावत. मी लेखी तक्रार केल्यावर ते आतल्या खोलीत नेले. कुटुंबीयांची बैठक बुधवारी सकाळी अकराला असते, नोकरी करणाऱ्या पत्नीने दर वेळी रजा कोठून आणायची? रविवारी रात्री मला जुन्या तऱ्हेचा भीतीचा झटका आला तेव्हा केंद्राचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. शेवटी 14416 या शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीत बोलणारी व्यक्ती मिळाली आणि तिने मला वीस मिनिटे सावरून धरले. हा क्रमांक दिवसरात्र चालू आणि मोफत आहे. केंद्राने तो दारावर मोठ्या अक्षरांत लावावा.

खर्च कमी नाही. डॉक्टरांची फेरभेट 700 रुपये, सत्र 1000 रुपये, औषधे वेगळी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायचे आहे, आणि दारू किंवा अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. पण माझी पॉलिसी केवळ भरती झाल्यावरच्या खर्चाची असल्याने बाह्यरुग्ण उपचारांचा एक रुपयाही परत मिळाला नाही. ज्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांनी ससून रुग्णालयाच्या किंवा येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अवश्य जावे.

गेल्या महिन्यात चिंतेच्या प्रश्नावलीत माझे गुण 6 आले. एस्सिटालोप्राम अजून चालू आहे, सत्र महिन्यातून एक. पहिल्या भेटीला जाणाऱ्यांनी दोन तास हाताशी ठेवावेत, घरातील एक माणूस बरोबर न्यावा, आणि लपवून ठेवलेल्यांसह सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. तिथे त्या पाहून कोणी भुवया उंचावत नाही.