‘आटे गेलेत, हाऊसिंग बदला’ असं कोणी म्हणालं तर आधी जुना बोल्ट मागा

ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आली की द्राक्षबागेत फवारणीला उशीर चालत नाही, डाऊनी हा बुरशीचा रोग बघता बघता पसरतो. नेमक्या अशाच वेळी आमच्या ब्लोअरच्या, म्हणजे पंख्याच्या फवारणी यंत्राच्या, गिअरबॉक्सचा एक बोल्ट तुटला. नाना ब्लोअर नाशिकच्या एका गॅरेजात घेऊन गेले.

मिस्त्री म्हणाला, चारही बोल्ट नवे टाकतो. थोड्या वेळाने नानांना बोलावून भोक दाखवलं. “नाना, आटे गेलेत. ॲल्युमिनियम जुनं झालंय, हाऊसिंगच बदलावं लागेल.” हाऊसिंग म्हणजे गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच. १४,५०० रुपये, निम्मे आधी. बाग डोळ्यांसमोर असताना माणूस घासाघीस करत बसत नाही. नानांनी ७,००० दिले.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करतो. संध्याकाळी गेल्यावर आधी जुने बोल्ट मागितले. “भंगारात टाकले” असं उत्तर आलं. पण त्यातला एक नानांनी दुकानात दाखवायला म्हणून खिशात ठेवला होता, त्यामुळे सगळं उघडं पडलं.

जुना आणि नवा, दोन्ही व्हर्नियरवर, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीवर, ९.८ मिमीच्या आसपास भरले. दोघांनाही १७ चाच पाना. कुणालाही माल एकच वाटेल. मग दोन्ही बोल्ट शेजारी धरून आट्यांत आटे बसवले आणि उजेडासमोर धरले. सुरुवातीचे दोन-तीन आटे जुळले, पुढे फट दिसायला लागली. १५ मिमी लांबीत जुन्याला १२ आटे, नव्याला १०. म्हणजे जुना एम १० × १.२५ (१० मिमी व्यास, दोन आट्यांतलं अंतर म्हणजे पिच १.२५ मिमी) आणि नवा एम १० × १.५. दीडचा कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतो, सव्वाचा बारीक आट्याचा शोधावा लागतो. यांनी शोधला नाही, दीडचाच हवेच्या गनने दाबून घुसवला.

भोकात टॉर्च मारला तर तोंडाशी ॲल्युमिनियमचा ताजा, चकचकीत कीस अडकलेला. खाली, जिथवर नवा बोल्ट पोहोचलाच नव्हता, तिथले आटे शाबूत. वापराने झिजलेले आटे तेलकट आणि काळपट दिसतात, असे चमकत नाहीत. स्वतःच्या हाताने आटे कापायचे आणि त्याच नुकसानीचे पैसे शेतकऱ्याकडून घ्यायचे, याचा मला अजून संताप येतो.

एवढ्यावर थांबलं नाही. बिलावर ‘८.८ हाय टेन्साइल’ लिहिलं होतं आणि बोल्टची डोकी कोरी. ८.८ च्या षटकोनी बोल्टच्या डोक्यावर तो आकडा आणि बनवणाऱ्याची खूण उठवलेली असते. पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणशक्ती, पुढचा .८ म्हणजे तिच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. साधा ४.६ चा बोल्ट ताणशक्तीत याच्या निम्मा. फिरणाऱ्या पंख्याच्या गिअरबॉक्सवर कोरा बोल्ट लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

हाऊसिंग बदलायची गरजच नव्हती. सातपूरला जॉबवर्क करणाऱ्या एकाने भोक मोठं करून हेलिकॉइल बसवली. तारेच्या त्या स्प्रिंगमुळे मूळचा सव्वाचा आटा परत मिळाला, तोही हाऊसिंगच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैशांत.

नवा बोल्ट बसवायच्या आधीच तुमच्यासमोर जुन्याचं माप घ्यायला लावा. आट्यांच्या माथ्यावरचा व्यास घ्या, तो नावाच्या आकड्यापेक्षा किंचित कमी भरतो. दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागा, की पिच मिळाला. आटे जुळवून बघायच्या दातेरी पट्ट्या, म्हणजे पिच गेज, असेल तर उत्तमच. दुकानात कोणी ‘तीन सूत’ देत असेल तर लक्ष ठेवा, ते ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी. एम १० च्या भोकात तो ढिला बसतो, तरी काही जण ‘चालतंय’ म्हणून गळ्यात मारतात. लांबी डोक्याखालून मोजायची, फक्त काउंटरसंक, म्हणजे डोकं भोकात बुडणाऱ्या, स्क्रूची डोक्यासकट. आणि नवा बोल्ट आधी बोटांनी काही आटे सहज फिरला पाहिजे, त्याशिवाय गन लावू देऊ नका.

दोन्ही बोल्ट गॅरेजच्या काउंटरवर शेजारी ठेवल्यावर ७,००० परत मिळाले. मजुरी आणि बोल्टचे पैसे परत द्यायला मिस्त्री तयार नाही, आणि बिल कच्चं. तुम्ही पक्कं बिल घ्या, त्यावर ‘एम १० × १.२५ × ४०, ८.८’ असं पूर्ण माप लिहून घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करताना दाखवायला हातात काहीतरी असतं.